महिन्याला एक मिनिट

त्याचं खरं नाव त्या दुकानात कुणी कधी घेतलंच नाही. लग्न होऊन तो सासऱ्यांच्या घड्याळांच्या दुकानात राहायला आला, पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने "हे कोण नवीन?" म्हणून विचारलं, आणि सासरे डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, "जावई." झालं. तेव्हापासून दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचा तो जावईबापू. माणूस गरीब गाय होता. तसा घरजावयाला शिंगांचा काही उपयोग नसतो, पण याला ती मुळातच नव्हती.

आणि गंमत म्हणजे तो घरजावई व्हायला आलाच नव्हता. त्याचं काम चाकं कापायचं. पितळेची चकती यंत्रावर चढवायची आणि तिच्या कडेला सारखे दात पाडायचे, एक जाड नाही की एक बारीक नाही. दूरच्या शहरात पाण्याचे मीटर बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या फोरमनने त्याचा हात पाहून त्याला नोकरी देऊ केली होती, आणि कारखान्यामागच्या चाळीवजा इमारतीत एक खोलीही. खोलीला दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या. लग्न ठरताना मुलीने त्याला पहिला प्रश्न विचारला तो त्या खिडक्यांबद्दल. ती जन्मापासून दुकानाच्या वरच्या खोलीत वाढलेली, आणि त्या खोलीला खिडकी एकच, तीही समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली.

सासऱ्यांनी एकच अट घातली. "माझं चंद्राचं घड्याळ तेवढं पुरं करून द्या. माझा हात आता थरथरतो, चाकं जमत नाहीत. ते चालू झालं की दोघं खुशाल कुठेही जा."

किती साधी अट! चार-पाच चाकांचं काम, फार तर एक हिवाळा जाईल. जावईबापूंनी हसत हसत मान डोलावली, आणि तिथेच ती अडकली.

घड्याळ दुकानाच्या दर्शनी काचेत उभं होतं. वेळ दाखवत होतं, ठोके देत होतं, फक्त तबकडीच्या वर एक गोल खिडकी रिकामी होती. तिच्यामागे एक रंगवलेली चकती फिरायची होती, म्हणजे त्या रात्री आकाशात चंद्र जेवढा भरलेला, तेवढाच त्या खिडकीत दिसला असता. चकती बायकोने रंगवली. तिचा धंदाच तो, तबकड्यांवर आकडे नि खुणा रंगवायचा. गडद निळ्यावर पांढराशुभ्र चंद्र काढून तिने तो पहिल्याच महिन्यात फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. तिच्या बाजूने काम संपलं होतं. आता सगळा भार चाकांवर.

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत जातात एकोणतीस दिवस, बारा तास, चव्वेचाळीस मिनिटं. सासऱ्यांनी त्याची मिनिटं करून आकडा जावयाच्या हातात ठेवला: बेचाळीस हजार पाचशे चोवीस. सेकंदकाट्याची दांडी मिनिटाला एक फेरी घेते. तिच्या तेवढ्या फेऱ्या झाल्या की चंद्राची एक व्हायला हवी. आता बेचाळीस हजार दातांचं चाक काही कुणी कापत नाही. त्यासाठी युक्ती असते. दांडीला मळसूत्र पाडायचं, म्हणजे स्क्रूसारखे आटे. मळसूत्री दांडी एकदा फिरली की तिला लागलेलं चाक एक दात पुढे सरकतं. शंभर दातांचं चाक असेल तर दांडीच्या शंभर फेऱ्यांत त्याची एक फेरी. त्या चाकाच्या दांडीलाही मळसूत्र, तिला पुढचं चाक, आणि असंच पुढे. सगळ्या चाकांच्या दातांचा गुणाकार म्हणजे आपला आकडा. तेव्हा काम एवढंच, की आकडा फोडायचा आणि जे तुकडे पडतील तेवढ्या दातांची चाकं कापायची.

चोवीसवाला दोनाने फुटला. पुन्हा दोनाने फुटला. उरले दहा हजार सहाशे एकतीस, आणि तिथे घोडं अडलं.

तीनने गेला नाही. सातने भागलं तर पाच उरले. अकराने भागलं, तरी पाचच उरले. सत्तेचाळीसने नऊ. जावईबापू शाळेत फार शिकलेला नव्हता. भागाकार यायचा, तो खडूने कामाच्या टेबलावर करायचा आणि बाहीने पुसायचा. आठवड्यातून एकदा दुकानाचं काम लवकर उरकलं की एक-दोन आकडे घ्यायचे, एकतीसवाल्याला लावून बघायचे, बाकी उरली की चरफडायचं.

"बाबा, हा फुटत नाहीये," तो सासऱ्यांना सांगायचा.

"एवढा मोठा आकडा, कशाने तरी जाईलच," सासरे म्हणायचे. "शोधा, जावईबापू. घाई कसली आहे?"

घाई त्यांना नव्हती. पहिला हिवाळा गेला, दुसरा गेला, आणि मग जावईबापूने मोजणं सोडून दिलं.

ते घर कसं होतं ते सांगतो, म्हणजे कळेल. खाली दुकान, वर फळ्यांच्या आडभिंतीने दुभागलेली एक खोली. एका अर्ध्यात सासरे, दुसऱ्यात ही दोघं. पलीकडे सासऱ्यांनी कूस बदलली तरी इकडे कळायचं, त्यामुळे नवराबायकोने भांडायचं ते कुजबुजत आणि हसायचं ते उशीत तोंड खुपसून. वरून खाली यायला एकच जिना, आणि तो बरोबर सासऱ्यांच्या टेबलापाशी उतरायचा. बाहेर पडायला एकच दार, त्याला घंटा. घंटा वाजली की सासरे मान वर न करता विचारायचे, "कुठे?" भाजी आणायला, पाय मोकळे करायला, काही सांगा, पण सांगायचं. चारी भिंतींवर घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. माणूस दोन मिनिटं नुसता उभा राहिला तरी सगळी घड्याळं मिळून त्याला विचारत आहेत असं वाटायचं, की बाबा रे, काय करतोयस.

जावईबापूची चिडचिड आत आत जाऊ लागली. रस्त्यात दिसेल तो आकडा तो एकतीसवाल्याला लावून बघायचा. बसचा नंबर, घराचा नंबर, गोदामाच्या भिंतीतल्या विटांची ओळ. बायकोने त्या आकड्याचं नावच 'माझी सवत' ठेवलं होतं. "जेवायला येताय, की सवतीला विचारून सांगताय?" असं ती जिन्यावरून विचारायची. आधी दोघंही हसायची. मग नुसती तीच हसायची, नंतर तीही नाही. कपाटातल्या चंद्राच्या रंगाला बारीक तडा गेला. तिने तो एकदा दुरुस्त केला, आणि दुसऱ्यांदा गेला तेव्हा तसाच राहू दिला. त्या दोन खिडक्यांबद्दल बोलणंही तिने बंद केलं होतं, आणि ते जावईबापूला सगळ्यात जास्त लागायचं.

मीटरच्या कारखान्यातला फोरमन दर वर्षी आपलं खिशातलं घड्याळ साफ करून घ्यायला यायचा. मोठ्या आवाजाचा, दिलदार माणूस. "काय, झाला का चंद्र?" एवढंच विचारायचा, आणि "जागा आहे तुमची" म्हणून जायचा. त्या वर्षी तो आला तेव्हा आवाज बसलेला होता.

"जावईबापू, मी निवृत्त होतोय," तो म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत आलात तर मी आहे. नंतर जो येईल तो त्याची माणसं आणेल. तुम्हाला तो ओळखणारही नाही."

सासरे त्याच्या घड्याळावर वाकलेले होते. भिंगाखाली त्यांचा चिमटा जागच्या जागी थांबला. जावईबापूने ते पाहिलं, पण म्हाताऱ्याचा हात थरथरला असेल असं समजून सोडून दिलं.

त्यानंतर तो सूड उगवल्यासारखा भागाकार करायला बसला. आठवड्याला एक-दोन नाही, रोज दहा-बारा आकडे. तीनशेच्या पुढे आला होता. एका दुपारी तीनशे एकतीसने भागत होता. बत्तीस वेळा गेला आणि एकोणचाळीस उरले. तो पुसणार, तेवढ्यात त्याची नजर त्या बत्तीसवर पडली.

समजा, हा भाग नीट गेला असता. तर तीनशे एकतीस गुणिले बत्तीस झालं असतं. म्हणजे बत्तीसनेही भाग गेला असता. आणि बत्तीस तर त्याने लग्न नवं असतानाच लावून बघितला होता.

त्याने खडू घट्ट धरला आणि मागे मागे येऊ लागला. दोनशेने भागलं की उत्तर त्रेपन्नच्या आसपास. तेही कधीच बघून झालेलं. दीडशेने भागलं की सत्तरच्या आसपास. भागणारा लहान होत होता तसं उत्तर मोठं होत होतं. शेवटी एकशे तीनने भागलं, तर उत्तरही एकशे तीनच, वर बावीस बाकी. दोघं तिथे समोरासमोर आले. त्याच्या पुढे नवं काही नव्हतंच. पुढचा प्रत्येक मोठा आकडा हा कुठल्यातरी लहान आकड्याचा जोडीदार, आणि लहान आकडे सगळे संपले होते. एवढी वर्षं तो बंद दारांवरच मागच्या बाजूने टकटक करत होता.

एकतीसवाला कशानेच फुटत नव्हता. फुटणारही नव्हता. दहा हजार सहाशे एकतीस दातांचं एकसंध चाक कापलं तरच तो जमला असता, आणि दात डाळीच्या दाण्याएवढा धरला तरी ते चाक दुकानात मावलं नसतं.

जावईबापू स्टुलावर बसला.  खरं सांगायचं तर त्याला रडू आलं, पण समोर सासरे होते आणि दारात गिऱ्हाईक होतं.

वर गेल्यावर त्याने कुजबुजत बायकोला सगळं सांगितलं. ती एका तबकडीवर मिनिटांच्या खुणा काढत होती. ऐकून तिचा कुंचला थांबला, आणि ती एकदम वैतागून म्हणाली, "मग शेजारचा आकडा घ्या की!"

"शेजारचा कसा घेणार?"

"अहो, या तबकडीवर साठ खुणा कधी नीट बसतात का? शेवटची बसत नसली की मी एखादी केसभर सरकवते. आजवर कुणाची गाडी चुकली नाही."

 जावईबापूने तिच्याच रंगाच्या फळीवर पेन्सिलीने मूळ आकड्याच्या अलीकडचा, बेचाळीस हजार पाचशे तेवीस, घेतला. तो तेराने फुटला आणि पुढे अडून बसला. मग पंचवीसवाला घेतला. पाचने गेला. पुन्हा पाचने गेला. तीनने गेला, आणि तीनने जातच राहिला, एकदा, दोनदा, पाच वेळा, आणि शेवटी सात उरले. शेंगा सोलाव्यात तसा तो आकडा मोकळा होत गेला. त्याने तुकडे जुळवले. सत्तावीस, पस्तीस, पंचेचाळीस. तीन चाकं. एका आठवड्याचं काम. महिन्यामागे फक्त एका मिनिटाचा फरक.

बायकोने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर पलीकडे हसू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं बघून तो सासऱ्यांपुढे उभा राहिला.  बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर कुंचला घेऊन उगीचच उभी होती.

"बाबा, एकतीसवाला फुटणार नाही. माझी खात्री झाली. आपण चोवीसवाल्याच्या शेजारचा आकडा घेऊ. एका मिनिटाने मोठा."

"पंचवीसवाला?" सासरे एका घड्याळाचं झाकण बसवत होते. "हं. सत्तावीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि तीन चाकांत गाडी गावाला. पण मग चंद्र महिन्याला एक मिनिट खोटं बोलणार. माझ्या दुकानात खोटं घड्याळ लागणार नाही."

झाकण खट्ट करून बसलं.

 जावईबापूला आधी कळलंच नाही की काय झालं. कळलं ते बायकोला. ती दोन पायऱ्या खाली आली.

"बाबा," ती म्हणाली, "यांनी तुम्हाला चाकं कुठे सांगितली अजून?"

सासऱ्यांनी भिंग काढलं. भिंगाशिवायचे त्यांचे डोळे जावईबापूने फार क्वचित बघितले होते. पाणावलेले, पांढुरके, आणि त्या क्षणी फार घाबरलेले.

"बाबा, कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"तुझं लग्न ठरायच्या आधीपासून," सासरे म्हणाले. "हे घड्याळ मी पंचवीसवरच बांधणार होतो. मग हा आला, आणि तू खिडक्यांबद्दल विचारलंस. मी आत होतो, ऐकलं मी. तेव्हा चोवीसवाला काढला. तो फुटत नाही, ते मी स्वतः भागून बघितलं होतं."

"आणि मला प्रत्येक वेळी सांगत होता, कशाने तरी जाईलच म्हणून!" जावईबापूचा आवाज एवढा चढला की त्यालाच तो ओळखू आला नाही. गरीब गाईला शिंगं फुटली होती. "मी इथे खडू झिजवतोय, ही वर झुरतेय, आणि तुम्ही भिंग लावून बघताय! अहो, नुसतं 'जाऊ नका' म्हणाला असता तर?"

"तर गेला असता," सासरे म्हणाले.

 आणि ते खरं होतं.

जावईबापूने त्या दिवशी दार उघडलं, घंटा वाजली, "कुठे?" असं कुणी विचारलं नाही, आणि तो दिवसभर पायी भटकून आला. तसंच निघून जावं असं त्याच्या मनात दहादा आलं. पण अपुरं घड्याळ मागे टाकून गेलं तर आयुष्यभर आपण पळून आलो असं वाटेल, हेही त्याला कळत होतं. परत येऊन त्याने पितळेची चकती यंत्रावर चढवली.

सत्तावीस झालं, पस्तीस झालं. तिसरं चाक झालं तेव्हा सासऱ्यांनी हात पुढे केला. अंगठा त्याच्या कडेवरून सावकाश फिरवला, एकदा थांबले, पुन्हा मागे आले. "हा दात जरा जाड आहे," म्हणाले. जावईबापूने भिंगाखाली धरून बघितलं. होता जाड. त्याने तो कानशीने घासून नीट केला. त्या आठवड्यात दोघांमध्ये झालेलं तेवढंच बोलणं.

बायकोने चंद्राचे तडे भरले. चकती बसली. आकाशातला चंद्र बघून सासऱ्यांनी मागची छोटी चावी फिरवली आणि खिडकीतला चंद्र त्याच्याशी जुळवला. घड्याळ चालू झालं. दुसऱ्याच दिवशी दोघांच्या ट्रंका जिन्याखाली आल्या.

सासरे टेबलापाशी बसून होते. ट्रंका दारापर्यंत गेल्या तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "पण महिन्याला एक मिनिट चंद्र मागे पडणार. ते पुढे कोण करणार? मला आता नीट दिसत नाही."

जावईबापूने हातातली ट्रंक खाली ठेवली. एवढा मोठा आकडा मोडून काढला, आणि म्हाताऱ्याने उरलेल्या एका मिनिटाची बेडी केली.

बायको मात्र गेली, वडिलांपुढे वाकली आणि त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाली, "वर्षाची होतात बारा मिनिटं. आम्ही वर्षातून एकदा येऊ आणि सगळी एकदम लावू."

सासऱ्यांनी विचार केल्यासारखं केलं. "बारा," ते म्हणाले. "बरं."

खोली फोरमनने सांगितली होती तशीच निघाली. दोन्ही खिडक्या उघडल्या की वारा आरपार जायचा आणि टेबलावरचे कागद उडायचे. पहिले काही महिने ती दोघं मोठमोठ्याने बोलायची, शेजारी कंटाळले तरी. जावईबापूला तिथे सगळे त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायचे, आणि तो दरवेळी जरा उशिरा वळून बघायचा.

वर्ष झालं तशी रजा काढून दोघं निघाली. आदल्या संध्याकाळी बसच्या खिडकीतून चंद्र बघितला होता, पूर्ण गोल, काठोकाठ. दुकानाचं दार ढकललं, घंटा वाजली. सासरे टेबलापाशीच होते, जरा आक्रसलेले. "कोण?" म्हणाले, आणि मग पावलांवरून ओळखून पुन्हा हातातल्या घड्याळावर वाकले.

जावईबापूची नजर आधी काचेतल्या घड्याळाकडे गेली. खिडकीत चंद्र होता, पण अर्ध्याहून जेमतेम फुगलेला. चांगला पाच-सहा दिवस मागे.

तो जवळ गेला. बारा मिनिटं त्या चकतीवर डोळ्यांना दिसलीसुद्धा नसती. पंचवीसवाल्याला एक दिवस चुकायचं म्हटलं तरी शंभरावर वर्षं लागली असती. आपला एकेक दात त्याला पाठ होता, चाकांनी हे केलेलं नव्हतं. त्याने मागे डोकावून बघितलं. सगळ्या यंत्रावर धुळीचा पातळ थर होता, आणि चंद्र मागेपुढे करायची ती छोटी चावी तेवढी बोटांनी घासून लखलखीत झाली होती.

"बघितलंत?" सासरे भिंग न काढता म्हणाले. "मी सांगत होतो. पंचवीसवाला खोटा निघाला. आता सगळी चाकं उतरवून बघावी लागतील. आठवडा तरी मोडेल तुमचा."

बायकोने घड्याळाकडे बघितलं, चावीकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

जावईबापूने कोट काढला. जिन्यापाशी त्याचा जुना खिळा अजून रिकामाच होता, त्याला तो अडकवला.

"आठवडा कसला, बाबा," तो म्हणाला, "दहा दिवस तरी लागतील."

आणि स्टूल ओढून त्याने पहिला स्क्रू सैल केला.